दुधातला मासा

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस?' हा प्रश्न यंदाही आला. मी अलिबागच्या घरी, मागच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. उत्तर पाठ होतं: सिनियर, मग लीड, मग आर्किटेक्ट, जमलं तर ऑनसाइट. कॉल संपल्यावर लक्षात आलं, मागच्या वर्षीही आपण हेच बोललो होतो, अगदी याच शब्दांत.

त्याच आठवड्यात आजोबांच्या कपाटातलं 'गीता प्रवचने' वाचायला काढलं. अध्यात्माच्या ओढीने नाही. विनोबा भावे आमच्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, आणि करिअर सोडण्याचा त्यांचा किस्सा लहानपणापासून ऐकलेला. गणितात हुशार मुलगा. बडोद्याच्या घरी आईसमोर आपली सर्टिफिकेटं चुलीत घालतो. मार्च १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसतो, मध्येच सुरतला उतरतो आणि काशीला निघून जातो. जूनमध्ये अहमदाबादला गांधीजींना भेटतो. आज असं कुणी केलं तर त्याचं रील होईल.

पुस्तकात मात्र रीलसारखं काहीच नाही. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अशी अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यामुळे भाषा समोर बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखी आहे. संस्कृत येत नसलं तरी अडत नाही.

सुरुवातीलाच माशाचं उदाहरण येतं. दूध पाण्यापेक्षा किमती, म्हणून मासा दुधात राहायला गेला तर मरेल. दुसऱ्याचा धर्म कितीही श्रेष्ठ वाटला तरी आपल्यासाठी आपलाच खरा. वाचताना मी थांबलो. सिनियर-लीड-आर्किटेक्ट हे माझं पाणी आहे, की सगळे महाग म्हणतात म्हणून पत्करलेलं दूध?

हे उदाहरण मी एका कोळी मित्राला सांगितलं. तो माझ्याच बॅचचा; वडिलांची होडी आहे, हा पुण्यात नोकरी करतो. तो हसला. म्हणाला, "पाणी कुठलं ते कोण ठरवणार? आणि आमच्या पाण्यात आता मासळीच कमी झालीय, त्याचं काय?"

त्याचा प्रश्न या पुस्तकाच्या कच्च्या जागेवर बोट ठेवतो. विनोबा म्हणतात, स्वधर्म शोधावा लागत नाही, तो आईसारखा जन्मापासूनच मिळालेला असतो. ऐकायला गोड आहे. पण ज्या समाजात जन्माने कामं वाटली गेली, तिथे हे वाक्य कुलपासारखं वापरता येतं. विनोबांनी परीक्षेकडे पाठ फिरवली त्याच १९१६च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध वाचत होते. पुढे १९२७मध्ये चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं ते महाडला, म्हणजे याच जिल्ह्यात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाटीपेन्सिल मिळाली नाही त्याच्यासाठी सर्टिफिकेट हेच पाणी असतं. ते चुलीत घालणं सगळ्यांना परवडत नाही.

शिवाय विनोबांचं आयुष्यच या वाक्यात मावत नाही. त्यांनाही आपलं पाणी शोधावंच लागलं. हिमालयात जावं की क्रांतीसाठी बंगालला, अशा दोन ओढी त्यांना होत्या, आणि जागा सापडली ती तिसरीकडेच. सुरतेला उतरलेला मुलगा 'स्वधर्म आपोआप मिळतो' म्हणतो तेव्हा तो आपल्याच प्रवासाचा कठीण भाग गाळतो, असं मला वाटतं.

मग हे पुस्तक का वाचावं? चौथ्या अध्यायासाठी. 'विकर्म' म्हणजे निषिद्ध कर्म, असा अर्थ सहसा लावतात. विनोबा वेगळाच लावतात: हाताने चाललेल्या कामाला मनाने दिलेली साथ म्हणजे विकर्म. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते. हालचाल म्हणून पाहिलं तर त्यात काय आहे? पण मन ओतलेलं असतं म्हणून तो स्पर्श वेगळा होतो, आणि त्या कामाचं ओझं वाटत नाही. मी दिवसाला आठ-दहा तिकिटं बंद करतो. पलीकडे कुणाचं काय अडलं होतं, हे त्यातल्या किती वेळा मला माहीत असतं? माझा कंटाळा पगाराचा किंवा पदाचा नव्हताच, हे मला इथे कळलं.

यातही एक धोका आहे. 'मन लावून काम कर, फळाची अपेक्षा नको' हे कुठल्याही मॅनेजरला आवडेल. पगारवाढ नाकारताना ते भिंतीवर लावता येईल. पण हे शब्द बोलले गेले ती जागा आठवा. बोलणारा कैदी, आणि ऐकणाऱ्यांतही सरकारचा हुकूम मोडून आत आलेली माणसं. त्यांनी सोडलेली फळाची आशा म्हणजे मुकाट ऐकणं नव्हतं. नाही म्हणायची हिंमत होती, म्हणून ते तुरुंगात होते. हा संदर्भ काढला तर 'गीता प्रवचने'चं एचआरचं पोस्टर होतं.

मी नोकरी सोडलेली नाही. घराचा हप्ता आहे, आणि सुरतेला उतरण्याइतका मी मोकळा नाही. फक्त लीडच्या पदासाठी यंदा नाव देणार नाही, असं कळवलं. ज्यांना आमचं सॉफ्टवेअर रोज वापरावं लागतं, त्यांच्याशी थेट बोलायचं काम मागून घेतलं. मॅनेजरने विचारलं, "यात तुझी ग्रोथ काय?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

मित्राला पुस्तक दिलं आहे. पहिली दोन प्रवचनं भांडत वाच, चौथं सावकाश वाच, एवढंच सांगितलं. त्याचं भांडण अजून संपलेलं नाही.