लिलावांतील स्त्री

चित्राची किंमत कळली कीं चित्र कळलें, असा समज अलीकडे सुशिक्षितांतही रूढ होत आहे. २०१८ सालीं न्यूयॉर्क येथें क्रिस्टीजच्या लिलावांत विलेम द कूनिंग याचें ‘वुमन ॲज लँडस्केप’ हें चित्र ६ कोटि ८९ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. त्या आंकड्यानें दिपलेल्यांस चित्रांतील बाई दिसली असेल काय, याची आम्हांस शंका आहे.

द कूनिंग मूळचा रॉटरडॅमचा; १९२६ सालीं तो अमेरिकेंत आला. त्याच्या सोबतचे बहुतेक अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार मनुष्याकृतीला फांटा देत असतां यानें १९५० मध्यें ‘वुमन वन’ हातीं घेतलें आणि रंगवावें, खरवडावें, पुनः रंगवावें, असा क्रम सुमारें दोन वर्षें चालविला. मध्यंतरीं तर त्यानें तें टाकूनच दिलें होतें. मेयर शापिरो या कलापंडितानें धीर दिल्यावर तें पुनः हातीं घेतलें गेलें. वटारलेले डोळे, विचकलेले दांत, अवाढव्य वक्षःस्थळ! १९५३ मध्यें ही मालिका न्यूयॉर्कला मांडली जातांच दुहेरी ओरड झाली. एका पक्षाला मनुष्याकृति परत आली हीच फितुरी वाटली. दुसऱ्यानें स्त्रीद्वेषाचा आरोप केला. पहिल्या आक्षेपांत आम्हांस कांहीं तथ्य दिसत नाहीं. दुसरा इतका सहज झटकतां येत नाहीं. कुंचल्याचे फटकारे त्या देहावर घावासारखेच पडले आहेत. परंतु ती बाई घायाळ होऊन पडलेली नाहीं; ती समोर टक लावून बसली आहे, आणि हंसत आहे. जाहिरातींतील स्त्रियांचें गोड हास्य येथें उलटलें आहे. अशा एका सिगारेटच्या जाहिरातींतलें तोंड कापून त्यानें एका पूर्वाभ्यासांत चिकटविलेंही होतें. सौंदर्याचें गिऱ्हाईक होऊन आलेल्या प्रेक्षकाची या हास्यापुढें फजिती होते.

याच मालिकेंतील ‘वुमन थ्री’ची कथा बाजाराविषयीं अधिक सांगते. हें चित्र तेहरानच्या समकालीन कलासंग्रहालयांत होतें. १९७९ च्या क्रांतीनंतर तें तेथें लावणें अशक्य झालें. १९९४ मध्यें इराणनें तें देऊन शाह तहमास्पच्या सोळाव्या शतकांतील सचित्र शाहनाम्याचा उरलेला भाग ११८ चित्रांसह परत मिळविला. ‘उरलेला’ अशासाठीं कीं, मूळ ग्रंथांत २५८ चित्रें होतीं. एका अमेरिकन धनिकानें बांधणी सोडवून तीं सुटीं केलीं, कांहीं संग्रहालयास दिलीं, कांहीं विकलीं. चित्रकारानें स्त्रीदेह विदीर्ण केला म्हणून हळहळणाऱ्यांनीं या विदारणाकडेही पाहावें. २००६ मध्यें ‘वुमन थ्री’ खाजगी व्यवहारांत सुमारें १३ कोटि ७५ लक्ष डॉलरांस गेल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. मधल्या १२ वर्षांत त्या कापडावर रंगाचा एक थेंबही वाढला नव्हता.

‘वुमन वन’ मात्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९५३ मध्येंच घेतलें, आणि तें त्याच संस्थेकडे आहे. तिचा भाव कोणी पुकारीत नाहीं. पुढ्यांत उभें राहणाऱ्यास त्या दांतांशींच गांठ घालावी लागते.