राजाच्या जागी उभं राहून

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ प्रवेश मोफत असतो. तेवढ्या वेळात सगळी दालनं पालथी घालायचा मोह होतो. मी तो आवरला आणि थेट 12 क्रमांकाच्या दालनात, 'लास मेनिनास'समोर जाऊन उभी राहिले.

दिएगो वेलास्केझने 1656 मध्ये रंगवलेलं हे चित्र तीन मीटरहून उंच आहे. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता. मेनिना म्हणजे तिच्या दिमतीला असलेल्या मानकरी घराण्यांतल्या मुली. त्यांतली एक गुडघ्यावर बसून तबकातून लाल मातीचं इवलंसं बुडकुलं पुढे करते आहे. राजकन्येचा हात बुडकुल्याकडे गेलाय, लक्ष मात्र आपल्याकडे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या बाहीवर कलाकुसर अशी नाहीच, नुसते तुटक फटकारे आहेत. चार पावलं मागे सरावं, की त्याच फटकाऱ्यांचं रेशीम होतं. हे मागे-पुढे मी किती वेळ करत होते कोण जाणे!

डावीकडे हातात कुंचला घेऊन खुद्द वेलास्केझ उभा आहे. तोही आपल्याकडेच बघतोय. का, ते मागच्या भिंतीवरचा छोटा आरसा सांगतो. त्यात राजा चौथा फेलिपे आणि राणी मारियाना धूसर दिसतात. म्हणजे चित्रासमोर, आपण आहोत त्याच जागी ते उभे आहेत. आरशात नेमकं कशाचं प्रतिबिंब आहे यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मला मात्र ही जागाच चित्राचा गाभा वाटते. राजाच्या खासगी दालनासाठी केलेलं हे चित्र 1734 मध्ये राजवाडा जळाला तेव्हा बचावलं, आणि 1819 मध्ये प्रादो उघडल्यावर हळूहळू सगळ्यांचं झालं. त्या संध्याकाळी राजाच्या जागी पाठीवर सॅक अडकवलेली कॉलेजची पोरं होती आणि काठी टेकत आलेल्या एक आजी होत्या. राजकन्या सगळ्यांकडे त्याच नजरेने बघत होती.

कॅनव्हासचा वरचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा, काळोखी. त्या काळोखाला खोली येते ती मागच्या उघड्या दारामुळे. तिथे पायऱ्यांवर राणीचा कारभारी होजे निएतो उभा आहे, येतोय की जातोय ते कळत नाही.

आठ वाजता बाहेर पडले तेव्हा माद्रिदची रात्र जेमतेम सुरू होत होती. इथे जेवणं दहाला. वेर्तास रस्त्यावर पायाखालच्या फरशीत साहित्यिकांची वचनं पितळी अक्षरांत बसवली आहेत, आणि दोन्ही बाजूंना बारची दारं सताड उघडी. प्रत्येक उजळलेल्या दारात कुणीतरी एक पाय आत, एक बाहेर ठेवून गप्पा मारत होतं. मला प्रत्येकात निएतो दिसला. 1894 पासून चालू असलेल्या सान हिनेस या चॉकलेटच्या दुकानात घट्ट चॉकलेटात चुरोस बुडवून खातानाही डोळ्यांसमोर ते दारच होतं.

माद्रिदला गेलात तर एक संध्याकाळ या एकाच चित्राला द्या. रांगेत साडेपाचलाच उभे राहा.