चांदीच्या भावात गेलेले चेहरे

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्याचं नाव काढलं की मराठवाड्यात फटाके आठवतात. फटाक्याच्या दारूला जळायला बाहेरची हवा लागत नाही. ऑक्सिजन तिच्यातल्या शोऱ्यातच असतो. जुन्या सिनेमाची नायट्रेट फिल्मही याच जातीची. एकदा पेटली की पाण्यातसुद्धा विझत नसे. म्हणून आपले मूकपट कुठे गेले, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: आगीत गेले.

शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) पाहिल्यावर हे उत्तर अपुरं वाटू लागतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) ज्यांनी उभं केलं, त्या पी. के. नायर यांच्यावरचा हा माहितीपट. भारतात हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले मूठभर उरले. काही जळले, काही कुजले. आणि काही चक्क विकले गेले, चांदीसाठी.

चांदी आली कुठून? फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक. प्रकाश पडला की ब्रोमाइडमधून इलेक्ट्रॉन सुटतो आणि स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. धनभारित चांदीचा आयन तिकडे ओढला जातो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा अणू होतो. असे मोजके अणू एकत्र आले तरी पुरतं. गर्नी आणि मॉट यांनी १९३८ मध्ये हे कोडं उलगडलं. पुढे डेव्हलपर त्या ठिपक्याच्या आधाराने अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो आणि ‘हायपो’ उरलेला, प्रकाश न लागलेला भाग धुऊन काढतो. म्हणजे कृष्णधवल फिल्मवरचा काळा रंग ही खरीखुरी धातूची चांदी असते.

माहितीपटाशी माझं भांडण इथेच आहे. त्यात चांदीचा विषय येतो, पण हळहळीच्या सुरात: लोभी माणसांनी ठेवा वितळवला. गुलजार, नसीरुद्दीन शाह अशा मान्यवरांच्या आठवणींची रांग लांबत जाते, नायर यांच्याबद्दलचा आदर वाढत जातो आणि प्रश्न मात्र तिथेच राहतो. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या बोलपटाची नायर यांनी सांगितलेली हकीकत घ्या. निर्माते अर्देशीर इराणी म्हणाले, काही रिळं असतील कुठेतरी. त्यांच्या मुलाने नायर यांना बाजूला घेऊन सांगितलं की चांदी काढून ती कधीच निकालात काढली. याला नुसता लोभ म्हणून कसं चालेल? खेळ संपलेल्या सिनेमाला दुसरा काही भावच नव्हता. बाजाराने तरी त्याची काहीतरी किंमत केली. समाजाने तेवढीही केली नव्हती.

आता फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बघा. नायर यांच्या खटपटीमुळे तो आज पाहता येतो. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: जिथे उजेड जास्त, तिथे चांदी जास्त. म्हणजे तिच्या हसऱ्या, उजळ चेहऱ्यावर सर्वात दाट चांदी जमली असणार. दुसरी एखादी निगेटिव्ह भट्टीत गेली असेल, तेव्हा तिच्यातून सर्वात जास्त धातू दिला असेल तो नटनट्यांच्या चेहऱ्यांनीच.

हे सगळं माहितीपट दाखवत नाही, तरी तो जरूर पाहावा. तो स्वतः फिल्मवर चित्रित झाला आहे, म्हणजे ज्या रसायनाबद्दल तो बोलतो त्यातूनच तो घडला आहे. आणि नायर यांचा हट्ट त्यात नीट कळतो: चांगला-वाईट असा निवाडा न करता मिळेल ते रीळ जपायचं. आपल्या फोनमधल्या फोटोंत चांदी नाही, त्यामुळे ते वितळवायला कुणी येणार नाही. पण जागा भरली की काय पुसायचं, हे आपणही रोज ठरवतोच. तो निर्णय इराणींच्या मुलाच्या निर्णयाहून फार वेगळा नसतो.