ज्ञात्याचे स्थान आणि ज्ञानाचे प्रामाण्य

ज्ञात्याची दृष्टी त्याच्या अनुभवाने व संस्कारांनी घडते, सबब मानवी व्यवहारांचे ज्ञान वस्तुनिष्ठ असू शकत नाही, हे मत मांडताना कार्ल मानहाइमचा आधार पुष्कळदा घेतला जातो. मानहाइमने स्वतः सापेक्षतावाद नाकारला होता, याचा मात्र विसर पडतो. ‘मग हे मतही संस्कारबद्धच’ या उत्तराने प्रतिपक्षी निरुत्तर होतो. त्याचे समाधान होत नाही. त्यापेक्षा एखादा प्रत्यक्ष वाद तपासणे बरे.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद घ्यावा. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी रूढ होती. १९१६ साली टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. शिवजयंतीच्या पुरस्कर्त्यानेच रूढ तिथीला धक्का देणारा कागद पुढे आणावा, हे लक्षणीय आहे. तथापि प्रामाणिकपणा हा येथील मुख्य मुद्दा नव्हे. प्रामाणिक मनुष्यही चुकतो. शकावली एका देशमुख घराण्याने जपलेली, परमानंदाचे ‘शिवभारत’ हे आश्रित कवीचे काव्य, जोधपूरची कुंडली ज्योतिषाच्या संग्रहातील. यांपैकी पहिल्या दोहोंना तर निःपक्षपाती म्हणताच येणार नाही. तरीही तिन्ही साधने एकाच तिथीवर येतात. शिवाय शकावलीने शुक्रवार दिला आहे आणि गणितानेही १९ फेब्रुवारी १६३० (जुलियन) या दिवशी शुक्रवारच येतो. हा वार जेध्यांच्या स्वामिनिष्ठेवर अवलंबून नाही.

संस्कारांचे कार्य अन्यत्र आहे. हा प्रश्न आपणांस इतका जिव्हाळ्याचा का वाटला, याचे उत्तर संस्कारांतच सापडते. २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी हा दिनांक स्वीकारला. ग्रेगरीय गणनेने तो १ मार्च होतो. कित्येक जण आजही तिथीनेच जयंती साजरी करतात. उत्सव केव्हा करावा ही निवड आहे. जन्म केव्हा झाला ही निवड नव्हे.

साधन उघडण्यापूर्वीच लेखकाची जात विचारून त्याचे मूल्य ठरविण्याची प्रवृत्ती अलीकडे काही प्रबंधांत दिसते, म्हणून हा भेद येथे मांडला. लेखकाचे स्थान कळले म्हणजे संशय कोठे घ्यावा हे कळते; संशय खरा ठरला की नाही, हे इतर साधनांशी ताडल्यावाचून कळत नाही. अफझलखानाच्या भेटीत प्रथम वार कोणी केला, या प्रश्नावर मात्र ही कसोटी इतकी निर्णायक ठरत नाही. तेथे वाराचे गणित मदतीला येत नाही, आणि साधनेही दोन पक्षांत विभागलेली आहेत.