'वृक्ष' या संज्ञेविषयी

बहुवारिक निरोधकांच्या ऱ्हासासंबंधीच्या वाङ्मयात 'वृक्ष' ही संज्ञा रूढ आहे. ती इंग्रजीतून मराठीत जशीच्या तशी घेणे कितपत इष्ट आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

या रूपकाचा आधार आकृतीचा आहे आणि तो दुबळा नाही. लिख्टेनबेर्क यांना १७७७ मध्ये राळेवरील भुकटीत अशाच शाखायुक्त आकृत्या दिसल्या. १९८४ मध्ये निमायर, पिएत्रोनेरो व वीसमान यांनी अशा शाखांच्या रचनेला गणिती रूप दिले. तथापि, आकृतीचे साम्य म्हणजे प्रक्रियेचे साम्य नव्हे.

वृक्षाची वाढ द्रव्याची भर पडून होते. येथे नेमके उलट घडते. पोकळी, अशुद्ध कण किंवा संवाहकाचा टोकदार उंचवटा यांच्यापाशी विद्युत् क्षेत्र तीव्र होते. आंशिक विसर्जनांमुळे द्रव्याचे विघटन होते व काही मायक्रोमीटर व्यासाच्या पोकळ नलिका पुढे सरकत जातात. मराठीत या क्रियेला 'पोखरणे' असे समर्पक क्रियापद आहे. या दृष्टीने वृक्षापेक्षा वाळवीचा दाखलाच अधिक यथार्थ ठरतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. 'जलवृक्ष' ओलाव्यामुळे, तुलनेने कमी क्षेत्रात, वर्षानुवर्षे सावकाश पसरतो. तो वाळल्यावर दिसेनासा होतो, म्हणून मेथिलीन ब्लूने रंगवून पाहावा लागतो. निरोधकाच्या आरपार गेल्यावरही तात्काळ भंग होतोच असे नाही. विद्युत्-वृक्षाचे मात्र तसे नाही. तो उद्भवल्यावर भंग सहसा दूर नसतो. डिसाडो व फोदरगिल यांच्या १९९२ च्या ग्रंथात दोहोंचे विवेचन स्वतंत्र प्रकरणांत आहे, परंतु नाम एकच. केबल ठेवावी की काढावी, हा निर्णय ज्या भेदावर अवलंबून आहे, तोच भेद नामात पुसट व्हावा, हे शास्त्राला पोषक नाही.

अखेरच्या अवस्थेस 'बिघाड' म्हणणेही सदोष होय. बिघाड दुरुस्त होतो. वायूत विसर्जन थांबल्यावर निरोधनक्षमता परत येते; घन बहुवारिकात ती येत नाही. तेथे 'भंग' हाच शब्द योग्य.

म्हणून विद्युत्-वृक्षासाठी 'विद्युत्-पोखरण', जलवृक्षासाठी 'जलशाखन' आणि अंतिम अवस्थेसाठी 'विद्युत्-भंग' असे तीन शब्द सुचवावेसे वाटतात. नदीच्या, घराण्याच्या, बँकेच्या 'शाखा' बोलताना मराठी भाषकाला झाड आठवत नाही. त्यामुळे 'शाखन' आकृती सांगते, सजीव वाढ सुचवीत नाही. हे शब्द टिकतील की नाही, हे अध्यापनातील वापरानेच ठरेल.