बालसखीच्या खोलीत काय घडले?

शिक्षणविषयक संशोधनाचे निबंध शिक्षकांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. पोहोचतो तो त्यांचा सारांश, आणि तोही तिसऱ्या-चौथ्या तोंडून. २००७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाचे असेच झाले. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन हे त्याचे लेखक. यांपैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षकांच्या बैठकींत या कामाचा उल्लेख मी ऐकला तो बहुधा असा : वस्तीतली एक मुलगी महिना पाचशे-सातशे रुपयांत जे करून दाखवते, ते पगारी शिक्षकाला जमत नाही.

निबंध मुळातून वाचला तर तो असे म्हणत नाही. तो जे म्हणतो ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि ज्याबद्दल तो गप्प बसतो ते शिक्षकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे.

आधी प्रयोग समजून घेऊ. ‘प्रथम’ या संस्थेने १९९८ मध्ये मुंबईच्या महापालिका शाळांत बालसखी योजना सुरू केली. माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली, त्याच वस्तीत राहणारी एक तरुणी निवडायची, तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे. तिसरी-चौथीच्या वर्गात जी मुले मागे पडली आहेत, त्यांतली १५ ते २० मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन तिने बसायचे. शिकवायचे ते तिसरी-चौथीचे नव्हे, तर पहिली-दुसरीतच यायला हवे होते ते : अंक ओळखणे, बेरीज-वजाबाकी, अक्षरे, शब्द, साधी वाक्ये. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे या योजनेची परीक्षा घेण्यात आली. गरज होती की नाही हे एका आकड्यावरून कळेल : वडोदऱ्यात तिसरीत नाव असलेल्या पाच मुलांपैकी जेमतेम एकालाच पहिलीच्या पातळीचे गणित येत होते.

परीक्षेची पद्धत आपल्या ओळखीची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीचे दोन वाण तपासताना चांगल्या जमिनीत एक आणि बरड जमिनीत दुसरा असे कोणी पेरत नाही. वाफे पाडतात आणि कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या शेतांवर ही पद्धत रुजवली. येथे वाफ्यांच्या जागी शाळा होत्या. वडोदऱ्यात काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काही शाळांत चौथीला, आणि कोणत्या शाळेत कोणती इयत्ता हे नशिबावर सोडले. त्यामुळे कोणतीच शाळा कोरडी राहिली नाही. तरीही तिसरीची तुलना तिसरीशी आणि चौथीची चौथीशी करता आली. मला ही रचना फार देखणी वाटते. आपल्याकडे ‘प्रायोगिक गट’ आणि ‘नियंत्रित गट’ असे म्हणून अनेक प्रबंध लिहिले जातात. त्यांत प्रायोगिक गट म्हणजे बहुतेक वेळा संशोधकाच्या ओळखीच्या मुख्याध्यापकांची शाळा असते.

निष्कर्ष असा की ज्या वर्गांना बालसखी मिळाली, त्यांची सरासरी पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. ‘प्रमाण विचलन’ हा शब्द वाचून पान उलटू नका. वर्गातल्या मुलांचे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरलेले आहेत, याचे ते माप आहे. शंभर गुणांच्या चाचणीत हा विखुरलेपणा २० गुणांचा असेल, तर ०.२८ म्हणजे साडेपाच गुण. दुसऱ्या रीतीने पाहा : शंभर मुलांची गुणानुक्रमे रांग लावली, तर मधोमध उभे असलेले मूल सुमारे अकरा मुलांना ओलांडून पुढे जाईल. पहिल्या वर्षी वडोदऱ्यातल्या शाळा २००२ च्या दंगलींमुळे विस्कळीत झाल्या होत्या हे लक्षात घेतले, तर ही वाढ किरकोळ म्हणता येणार नाही.

पण सरासरी ही फसवी गोष्ट. बालसखीकडे वर्गातली सगळी मुले जात नव्हती. उरलेली मुले त्या दोन तासांत आपल्या नेहमीच्या शिक्षकांकडेच होती, आणि त्यांचा वर्ग आता लहान झाला होता. त्यांनाही फायदा व्हायला हवा, नाही का? लेखकांनी हे तपासले. सुरुवातीच्या चाचणीत वरच्या भागात असलेली, म्हणजे बालसखीकडे जाण्याची शक्यता नसलेली मुले त्यांनी दोन्ही प्रकारच्या वर्गांतून घेतली आणि त्यांची तुलना केली. फरक दिसला नाही. सगळी वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती, आणि त्या मुलांपुरती मोजली तर ती ०.६ प्रमाण विचलनाच्या जवळपास जाते. आपल्या हिशेबात बारा गुण.

निबंधाचा हा सर्वांत मोलाचा भाग, आणि सर्वांत चुकीचा अर्थ लावला जातो तोही याचाच. वर्गातली मुले कमी करून उपयोग नाही, असे यातून सिद्ध होत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. ते निरर्थक आहे असे म्हणायला या निबंधात आधार नाही. येथे मुले कमी झाली ती दिवसातले दोन तास, आणि शिक्षकांनी त्या दोन तासांत काही वेगळे करावे असे कोणी त्यांना सांगितले नव्हते. तेच पुस्तक, तोच फळा. समोर पन्नासऐवजी पस्तीस मुले बसली म्हणून धडा आपोआप बदलत नाही.

शिक्षक आणि बालसखी यांची तुलनाही येथे झालेली नाही. दोघांना एकच काम देऊन कोण सरस ठरते हे पाहिले असते, तर तशी तुलना झाली असती. बालसखीला सांगितले होते की मूल जिथे आहे तिथून सुरुवात कर. शिक्षकांना सांगितले होते की पुस्तक संपवा. लेखकांनी खर्चाचाही हिशेब मांडला आहे : दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर. वडोदऱ्यात गणितासाठी संगणकाचा जो वेगळा प्रयोग झाला, त्याला सुमारे पंधरा डॉलर लागले. स्वस्त असणे हा योजनेचा गुण असू शकतो, पण ती कशामुळे चालली याचे ते कारण नव्हे. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षण सेवकांना सुरुवातीची तीन वर्षे महिना ३,००० रुपयांवर राबवले गेले. त्या धोरणाला या निबंधाचा दाखला कोणी देऊ लागले, तर त्यांना निबंध पुन्हा वाचायला सांगावे.

आता माझी मुख्य तक्रार. ०.६ ची वाढ कुठून आली? गट लहान होता म्हणून? मजकूर मुलांच्या पातळीचा होता म्हणून? बालसखी वस्तीतली होती, मुलांच्या आईला नावाने ओळखत होती, त्यांच्यासारखेच बोलत होती म्हणून? की तिच्यासमोर चूक करायला मुलांना भीती वाटत नव्हती म्हणून? निबंधात या सगळ्यांचे एकच गाठोडे आहे. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे लोक अशा वेळी एकेक घटक वेगळा करून पाहतो. अर्थशास्त्रज्ञांना गाठोडे चालते की नाही एवढे कळले तरी पुरते, कारण त्यांना सरकारला सल्ला द्यायचा असतो. शिक्षकाला मात्र सोमवारी सकाळी वर्गात उभे राहायचे असते. खोलीचे दार लावून निबंध बाहेर थांबतो, आणि शिक्षकाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

या दारातून आत डोकावणारे काम आपल्याकडे त्याआधी दोन दशके झाले होते, तेही मुंबईच्याच महापालिका शाळांत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याची धुरा वाहणारे वि. गो. कुलकर्णी पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातील ग्रामीण शाळांतही केंद्राने सुरुवातीच्या वर्षांत काम केले. मुलांना विज्ञान कळत नाही की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा कळत नाही, असा प्रश्न कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी विचारला, आणि पाठ्यपुस्तकातला मजकूर सोप्या मराठीत लिहून तो वर्गात वापरून पाहिला. मुलांची समज वाढलीच, शिवाय वर्गातला संवाद वाढला. मुले प्रश्न विचारू लागली.

म्हणजे नेमके काय बदलले असेल, ते एका नमुन्यावरून पाहता येईल. हे वाक्य मीच रचलेले आहे, पण ओळखीचे वाटेल : ‘पदार्थाच्या कणांचे स्थानांतरण न होता होणाऱ्या उष्णतेच्या संक्रमणास वहन असे म्हणतात.’ यात विज्ञान थोडे आहे आणि व्याकरण फार. तेच असे सांगता येईल : ‘पळीचे एक टोक गरम भाजीत आहे. थोड्या वेळाने दुसरे टोकही हाताला चटका देते. पळीतले कण या टोकापासून त्या टोकाला चालत आले नाहीत. उष्णता मात्र आली.’ दुसऱ्या मजकुरावर मूल लगेच विचारील, मग पळीला लाकडी मूठ का लावतात? पहिल्यावर ते काहीच विचारणार नाही, पाठ करील. आमच्या मराठवाड्यात घरी ‘काय करायलास?’ असे विचारणारे मूल शाळेत आले की ‘काय करीत आहेस?’ शिकते. छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी वस्त्यांत तर मराठी, उर्दू आणि हिंदी एकाच गल्लीत बोलल्या जातात. बालसखी वस्तीतली होती याचे वजन किती, हा प्रश्न येथे केवळ सैद्धांतिक राहत नाही.

कुलकर्णींच्या कामाला बालसखीच्या प्रयोगासारखा शाळांच्या चिठ्ठ्या टाकण्याचा भक्कम पाया नव्हता. पण त्यातून शिक्षकाला काहीतरी हाती लागते. एकाने विश्वासाने मोजले, दुसऱ्याने जवळून पाहिले. ही दोन कामे शेजारी ठेवून वाचली जात नाहीत, हे आपल्या अध्यापक महाविद्यालयांचे नुकसान आहे.

बॅनर्जी-डुफ्लो आणि त्यांचे सहकारी तिथेच थांबले नाहीत, हेही सांगायला हवे. ‘प्रथम’च्या याच पद्धतीचे पुढचे प्रयोग त्यांनी २०१७ मध्ये एकत्र मांडले. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना साहित्य दिले, प्रशिक्षण दिले; शाळेच्या वर्षात काही फरक पडला नाही. मात्र त्याच राज्यात २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच मागे पडलेल्या मुलांची शिबिरे घेतली, तेव्हा मुले शिकली. पुढे हरियाणात शाळेच्या वेळापत्रकात एक तास वेगळा काढला, इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे पातळीनुसार गट केले. शिक्षक तेच नेहमीचे. हिंदी वाचनात ०.१५ ची वाढ झाली.

शिक्षकाला येत नाही, ही समजूत येथे मोडीत निघते. उन्हाळ्यात ज्याला शिकवता येते त्याला जूनमध्ये का येत नाही? कारण जूनमध्ये त्याच्यावर पुस्तकाचा ताबा असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. त्यातले एक सांगते की ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करा. त्याच्या लगेच खालचे सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासा आणि गरजेनुसार जादा शिकवा. कागदावर दोन्ही शेजारी सुखाने नांदतात. वर्गात त्यांची रोज मारामारी होते आणि पहिले जिंकते, कारण तपासायला येणारे अधिकारी पहिल्याबद्दल विचारतात.

वर्गातले वातावरण म्हटले की आपल्याकडे बोलक्या भिंती आणि रंगवलेल्या फरशा डोळ्यांसमोर येतात. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर त्या गावोगावी दिसू लागल्या. त्यांना माझा विरोध नाही. काही फार सुंदर आहेत. पण या प्रयोगांत बदलले ते वेगळेच काहीतरी. हा तास कोणासाठी आहे याचे उत्तर बदलले.

पातळीनुसार गट करण्यात धोकाही आहे. हरियाणात गट एका तासापुरते होते. हेच गट वर्षभराचे झाले, तक्त्यावर मुलांची नावे ‘स्तर एक’ खाली कायमची लिहिली गेली, की जुन्या ‘ढ’ मुलांच्या बाकाला नवे नाव मिळते. २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानात पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यांना अग्रक्रम मिळाला, हे चांगलेच झाले. मात्र मूल एका स्तरातून दुसऱ्यात किती दिवसांनी गेले, हा रकाना स्तरांच्या तक्त्यात असायला हवा.

आणखी एक आकडा या चर्चेत सहसा येत नाही. बालसखी निघून गेल्यावर वर्षभराने मुलांची पुन्हा चाचणी घेतली. मागे पडलेल्या मुलांची वाढ सुमारे ०.१ वर आली होती. आपल्या हिशेबात दोन गुण. लेखकांनी हे लपवलेले नाही, ही त्यांची सचोटी. पण त्या वर्षभरात काय झाले? मुले शिकलेले विसरली, की पुढच्या वर्गात ते वापरायची वेळच आली नाही? नुकतेच वाचता येऊ लागलेल्या मुलासमोर वर दिलेल्या वहनाच्या व्याख्येसारखी वाक्ये आली, की त्याचे वाचन पुढे जाते की तिथेच थांबते? हे चाचणीच्या गुणांवरून कळणार नाही. त्यासाठी कोणाला तरी पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसावे लागेल आणि ते मूल दिवसभरात किती ओळी वाचते, किती वेळा बोलते आणि कोणत्या भाषेत बोलते, हे लिहून काढावे लागेल. या कामाला नोबेल पारितोषिक लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. बी.एड.चा सराव पाठ घेणारे विद्यार्थी दर वर्षी आमच्या शहरातल्या शाळांत जातात. त्यांना पाठाच्या टाचणाबरोबर अशी एक वही द्यायला काय हरकत आहे?