छोट्या रुळांवरचे गाव

मॉडेल रेल्वे पाहायला गेलो होतो, असे मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "वा! मुलांना मजा आली असेल नाही?" मुले घरी असतात. एक तर ती मोठी झाली आहेत, आणि दुसरे म्हणजे त्यांना यात काडीचा रस नाही. मी एकटाच जातो, आणि नाटकाला किंवा चित्रप्रदर्शनाला जावे तसा जातो. या विषयावर लिहायचे धाडस त्या भरवशावरच करतो आहे.

ब्रिटनमध्ये हा छंद जुना आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये मेकॅनोचे पेटंट घेतले आणि १९२० पासून त्याच्या कंपनीच्या आगगाड्या बाजारात आल्या. पण लेआउट म्हणजे टेबलावर गोल गोल फिरणारी गाडी नव्हे. रूळ, सांधे, सिग्नल, फलाट, डोंगर, घरे, झाडे, माणसे हे सगळे हाताने उभे करायचे असते. पोटमाळ्यावर किंवा बागेतल्या शेडमध्ये माणसे त्यात दहा-वीस वर्षे घालवतात. इतकी वर्षे खर्चून जे तयार होते, त्याला कलाकृतीचे निकष लावायला काय हरकत आहे? माझे निकष तीन. हे गाव कुठले? इथल्या गाड्या कशासाठी धावतात? आणि यात काय दाखवलेले नाही?

सुरुवात घरापासून करू. पुण्यात कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आपला छंद आयुष्यभर जोपासला आणि १ एप्रिल १९९८ रोजी तो सर्वांसाठी खुला केला. वाफेच्या इंजिनापासून आधुनिक गाड्यांपर्यंत नाना प्रकारची मॉडेल्स आणि मधोमध एक छोटे शहर. शहरात सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, उड्डाणपूल आहे. दिवे मंद होतात, रात्र पडते, खिडक्या उजळतात आणि निवेदनाच्या साथीने एकेक गाडी सुटते. सुट्टीत पुण्याला गेलात तर जरूर बघा. सुट्या भागांसाठीही परदेशाकडे बघावे लागण्याच्या काळात एका मराठी उद्योजकाने हे उभे केले, याचे मोल मोठे आहे.

तरीही पहिला प्रश्न विचारायलाच हवा. हे गाव कुठले? ते कुठलेच नाही. ते एक काल्पनिक, नीटनेटके शहर आहे आणि रेल्वेचे किती प्रकार असतात हे दाखवणे हे त्याचे काम आहे. ते काम ते चोख करते. तिथून बाहेर पडताना "केवढे तंत्र!" असे वाटते. "मी इथे येऊन गेलोय" असे मात्र वाटत नाही. पाहुण्याला ते थक्क करते, ओळख दाखवत नाही.

आता इकडचे उदाहरण. ऑक्सफर्डशायरमध्ये, डिडकॉटजवळच्या लाँग विटनम या गावी पेंडन म्युझियम आहे. ते सुरू करणारा रॉय इंग्लंड हा आडनावाने इंग्लंड असला तरी ऑस्ट्रेलियातून आलेला. १९२५ मध्ये तो इथे आला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या परिसराच्या प्रेमात पडला. गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत पाडली किंवा बदलली जात होती. गाववाल्यांना त्याचे फारसे काही वाटत नव्हते, कारण घर गळते आणि नवे छप्पर गळत नाही, इतका साधा हिशेब होता. वाईट वाटले ते बाहेरून आलेल्या माणसाला. त्याने घरांची मापे घेतली आणि फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात, पुठ्ठ्यातून कापून, रंगवून ती उभी करायला सुरुवात केली. १९५४ मध्ये म्युझियम सुरू झाले. १९९५ मध्ये तो गेला, पण स्वयंसेवक आजही काम पुढे नेत आहेत.

गंमत म्हणजे तिथले 'पेंडन पार्व्हा' हे गावही नकाशावर नाही. पण त्यातली घरे खरी आहेत, परिसरातल्या वेगवेगळ्या गावांतून मापे घेऊन आणलेली. गाव कल्पनेतले, घरे सत्यातली! चांगला कादंबरीकार याहून वेगळे काय करतो? कोथरूडचे शहर आणि पेंडनचे गाव, दोन्ही काल्पनिकच. पण एकातली कल्पना कुठल्याही देशात चालेल आणि दुसऱ्यातली दहा मैल पलीकडेसुद्धा चालणार नाही.

दुसरा निकष गाड्यांचा. पीटर डेनी नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांच्या 'बकिंगहॅम' लेआउटवर गाड्या वेळापत्रकानुसार धावत. शाखेवरचे एक स्टेशन त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळायचा. तो नसला की गाडी स्वीकारायला पलीकडे कोणी नाही! तेव्हा डेनींनी त्याच्या जागी काम करणारे एक यंत्रच बनवले आणि नाव दिले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून आधी हसू येते आणि मग पोटात कालवते. मुले घरातून जातात, त्यांचे काम यंत्राला शिकवता येते, पण नाव मुलाचेच द्यावेसे वाटते. गाडी नुसती फिरते तेव्हा ते यंत्र असते. पुढच्या स्टेशनवर कोणीतरी तिची वाट बघत असते, तेव्हा ती रेल्वे होते. लेआउट जिवंत होतो तो इथे.

तिसरा निकष सर्वांत अवघड, आणि त्यात पेंडनही पूर्ण उतरत नाही. ते गाव इतके सुंदर आहे की १९३०च्या दशकात तिथल्या शेतमजुराला मिळत काय होते, हा प्रश्न डोक्यात येतच नाही. गवती छपराखाली नळ होता का, हिवाळ्यात भिंती किती ओल्या असत? साडेबावीस मिलिमीटर उंचीच्या माणसाच्या चेहऱ्यावर थकवा रंगवता येत नाही, हे खरे. पण विहिरीवरून पाणी वाहणारी बाई कुठे ठेवायची, हे बनवणाराच ठरवतो.

हा आक्षेप आपल्यालाही लागू आहे. आपण सगळेच मनात एक लेआउट बाळगून असतो. कोकणातले घर, अंगण, तुळशीवृंदावन, लाल डब्याची एसटी. स्मरणिकांतून त्यावर दरवर्षी लेख येतात, आणि मी ते आवडीने वाचतो. त्या अंगणात सारवणारे हात मात्र सहसा दिसत नाहीत.

समजा, आपल्यापैकी कोणी महाराष्ट्राचा लेआउट करायला घेतला, तर? पहिली अडचण रुळांची. इकडे चालणाऱ्या ओओ प्रकारात फुटाला ४ मिलिमीटर हे प्रमाण असले तरी रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. इंग्लंडच्या खऱ्या रुळांच्या हिशेबाने ते १८.८३ हवेत. ब्रिटिश इंजिनांच्या आटोपशीर सांगाड्यात त्या वेळची मोटर मावेना, म्हणून वरचे अंग मोठे केले आणि रूळ तेच ठेवले. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे २२ मिलिमीटर हवा. बाजारातल्या रुळांवर डेक्कन क्वीन ठेवली तर ती अरुंद बाकावर अंग चोरून बसल्यासारखी दिसेल. नेरळ-माथेरानची १९०७ ची दोन फुटी गाडी तुलनेने सोपी, तिला ९ मिलिमीटरचे तयार रूळ बरेचसे जुळतात. पण ते सुमारे २१ किलोमीटर याच प्रमाणात मांडायचे म्हटले तरी पावणेतीनशे मीटर लागतील, म्हणजे अडीच फुटबॉल मैदाने! मग काय गाळायचे? समीक्षा इथेच सुरू होते.

माझी निवड विचाराल तर बोरघाट. १८६३ मध्ये खुला झालेला, सदतिसास एक असा चढ. वळणाला जागा नव्हती म्हणून गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात शिरून उलट्या दिशेने बाहेर पडे. लेआउटवर याहून रंगतदार दृश्य नाही. पण मला त्यात बांधकामाचे वर्ष हवे. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. हजारो मजूर कड्यावर राबत होते. किती तरी पटकीने आणि अपघातांनी गेले. त्या लेआउटवर गाडी धावणारच नाही, कारण रूळ अजून पडायचे आहेत. प्रदर्शनात त्याच्यापुढे गर्दी थांबेल का? बहुधा नाही. पण माझे तिन्ही प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतील आणि तिन्हींना उत्तर मिळेल.

डिडकॉटच्या बाजूला जाणे झाले तर वेळा बघून पेंडनला जा. मुलांना न्या, पण स्वतःसाठी जा. आणि तिथल्या घरांपुढे उभे राहिल्यावर एक हिशेब करा. आपल्या गावातल्या कुठल्या घराची मापे आज आपल्यापाशी आहेत? आठवणी सगळ्यांकडे आहेत. मी मापांबद्दल विचारतोय. रॉय इंग्लंड परकाच होता, तोही आठवणींवर भागवू शकला असता. त्याने टेप काढली आणि दार ठोठावले.